नऊ वजिरांचा पट

पटावर पांढऱ्याचे नऊ वजीर. हो, नऊ. आठही प्यादी पलीकडे पोहोचून वजीर झालेली, मूळचा वजीर शाबूत, शिवाय दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि राजा... सगळं सैन्य हजर. समोर काळ्याचा राजा एकटा कोपऱ्यात, सोबतीला फक्त दोन प्यादी. खेळी पांढऱ्याची. आता "मात किती खेळ्यांत?" असा प्रश्न इथे नाहीच. मात एका खेळीत आहे आणि ती अनेक प्रकारे आहे, शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न असा: या क्षणी पांढऱ्याला नियमात बसणाऱ्या एकूण खेळ्या किती?

उत्तर आहे २१८.

डावाच्या सुरुवातीला आपल्याकडे बरोबर २० खेळ्या असतात (१६ प्याद्यांच्या, ४ घोड्यांच्या). ऐन रंगात आलेल्या डावात साधारण तीस-चाळीस. आणि इथे २१८! झाग्रेबच्या नेनाद पेट्रोविचने ही स्थिती १९६४ मध्ये रचली. तेव्हापासून २१९ कोणालाही जमलेलं नाही.

गुकेश २०२४ मध्ये जगज्जेता झाला, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बुद्धिबळावर बोलायला माणसं मिळतात. पण ही स्थिती दाखवली की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "बरं, पण याचा उपयोग काय?" चांगलं खेळणारे तर आणखी नाक मुरडतात. अशी स्थिती डावात कधी येणार नाही, यातून काही शिकता येत नाही, मग हा रिकामटेकडेपणा कशाला? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. उपयोग शून्य, हे मान्य. पण रिकामटेकडेपणा? अजिबात नाही. माझ्या मते बुद्धिबळाच्या सगळ्या पसाऱ्यात आपल्या इंजिनिअरिंगच्या धंद्याला सगळ्यात जवळची गोष्ट हीच आहे. जिंकणारे खेळाडू आपल्यासारखे नसतात हो, हे लोक आपल्यासारखे असतात.

मुद्दा समजण्यासाठी त्या दोन काळ्या प्याद्यांकडे बघू. राजा ए-१ वर, प्यादी ए-२ आणि बी-२ वर. पहिल्यांदा वाटतं की ती शोभेला ठेवली आहेत. पण ए-३ वर पांढरा वजीर आहे आणि ई-५ वर दुसरा. ए-२ चं प्यादं उचललं, की ए-३ च्या वजिराचा सरळ राजाला शह. बी-२ चं उचललं, की ई-५ च्या वजिराचा तिरका शह. खेळी पांढऱ्याची असताना काळा राजा शहात असूच शकत नाही, कारण काळ्याने आपली खेळी करताना तो शह चुकवायलाच हवा होता. म्हणजे प्यादी गेली की ती स्थितीच बेकायदा. २१८ चा सगळा डोलारा त्या दोन प्याद्यांवर उभा आहे.

इथून खरी मजा सुरू होते. या विक्रमांचा मूळ नियम असा, की सुरुवातीच्या मांडणीपासून नियमाप्रमाणे खेळत खेळत त्या स्थितीपर्यंत पोहोचता आलं पाहिजे. खेळ्या मूर्खासारख्या असल्या तरी चालतील, पण प्रत्येक खेळी कायदेशीर हवी. मग पेट्रोविचच्या पटाचा हिशोब लावून बघा, अगदी ताळेबंद जुळवतो तसा. पांढऱ्याची सोळाही मोहरी जिवंत आहेत. म्हणजे काळ्याने आख्ख्या डावात काहीही मारलेलं नाही. प्यादं ओळ बदलतं ते फक्त मारताना. म्हणून ए-२ चं काळं प्यादं ए-७ पासून नाकासमोर सरळ चालत आलेलं असणार, आणि बी-२ चं बी-७ पासून. मग पांढऱ्याची ए आणि बी ओळीतली प्यादी त्यांना ओलांडून गेली कशी? सरळ जाता येत नाही, समोर काळं प्यादं छातीवर. त्यांना काहीतरी मारून शेजारच्या ओळीत सरकावंच लागलं असणार. मारायला माल आहे का? काळ्याची तेरा मोहरी पटाबाहेर आहेत. आहे, भरपूर आहे. हिशोब जुळला.

सांगायचा मुद्दा असा, की त्या २१८ मागे एक आख्खा न खेळलेला डाव दडलेला आहे, आणि तो खेळता येतो याची हमी रचणाऱ्याने दिलेली आहे.

आणखी एक गंमत. कॉलेजच्या लॅबमध्ये बॅकट्रॅकिंग शिकताना आपण सगळ्यांनी आठ वजिरांचं कोडं सोडवलंय: एकमेकांच्या माऱ्यात न येता आठ वजीर पटावर बसवा, ९२ उत्तरं येतात, परीक्षकाला प्रिंटआउट दाखवा, सही घ्या. हे कोडं १८४८ मध्ये माक्स बेझेल नावाच्या एका जर्मन बुद्धिबळप्रेमीने घातलं होतं, कॉम्प्युटरचं नावही नव्हतं तेव्हा. आता बघा, आडव्या ओळी आठच. नववा वजीर आला की कोणीतरी कोणाच्या तरी वाटेत येणारच, आणि वाटेत आला की खेळ्या कमी. पेट्रोविचने काय केलं? ज्यांची गाठ पडणं अटळ आहे त्यांना शक्य तितकं लांब ठेवलं. बी-६ आणि जी-६ एका ओळीत, पण मध्ये चार घरं मोकळी. डी-७ आणि डी-२ एका ओळीत, मध्ये पुन्हा चार घरं मोकळी. ए-३ आणि एफ-३ चं तेच, सी-४ आणि एच-४ चंही तेच. तोटा टाळता येत नाही, मग तो कमीत कमी कुठे होईल ते शोधायचं. डेटाबेसच्या क्वेरीसाठी रात्री जागलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नियम काढून टाकला तर? पटावर वाटेल तितके वजीर टाका, २१८ कधीच मागे पडेल. पण तो आकडा कोणी लक्षात ठेवणार नाही. आकडा मोठा होतो तो बंधनामुळे. माझ्या एका जुन्या कंपनीत वरून फर्मान आलं होतं की टेस्ट कव्हरेज ९० टक्के पाहिजे. तीन आठवड्यांत ९२ टक्के झालं. कसं? अशा टेस्ट भराभर लिहिल्या गेल्या ज्या कोड नुसता चालवतात, उत्तर बरोबर आलं की नाही ते तपासतच नाहीत. आकडा विक्रमी, किंमत शून्य. केक मात्र कापला गेला. असो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येतो. ओट्टो ब्लाथी. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर जो ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो ना, त्याच्या जन्मदात्यांपैकी एक. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात त्याने, झिपरनोव्स्की आणि डेरी या दोघांच्या सोबतीने, १८८५ मध्ये आजच्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर बनवला. विजेच्या मीटरच्या सुरुवातीच्या कामातही त्याचं नाव आहे. आणि मोकळ्या वेळात हा गृहस्थ बुद्धिबळाची राक्षसी कोडी रचायचा, तीनशेच्या जवळ जाणाऱ्या खेळ्यांत मात देण्याची!

त्याचं १९२२ चं एक कोडं आहे. पांढऱ्याकडे फक्त राजा आणि एक प्यादं. काळ्याकडे पूर्ण सोळा मोहरी. पांढऱ्याने १६ खेळ्यांत मात करायची.

पट काढा आणि मांडाच. पांढरा राजा एफ-२, प्यादं एच-२. काळा राजा सी-१, वजीर ए-२, हत्ती बी-३ आणि डी-२, उंट ए-३ आणि डी-१, घोडे बी-१ आणि ई-१, प्यादी बी-२, सी-२, ई-२, सी-३, डी-३, बी-४, सी-४, सी-५. संध्याकाळची ६:१० ची विरार लोकल. सगळं सैन्य एका कोपऱ्यात असं कोंबलंय की कोणाला हात हलवायला जागा नाही.

पांढरा राजा पहिल्या खेळीत ई-१ चा घोडा मारतो आणि तिथेच बसतो. आता काळ्याचं एकेक मोहरं तपासा. हत्ती? चारी बाजूंनी आपलेच लोक. उंट? अडलेले. उरलेला घोडा? त्याच्या सगळ्या घरांत स्वतःचीच मोहरी. ई-२ चं प्यादं? पुढे पांढरा राजा बसलाय. हलू शकतो फक्त वजीर, आणि तोही एकाच घरात, ए-१. पुढच्या खेळीला परत ए-२. मग ए-१. मग ए-२. सोळा मोहऱ्यांचा मालक, आणि खेळी प्रत्येक वेळी एकच! हे चालू असताना पांढरं प्यादं एकटंच रमतगमत एच ओळीतून वर जातं, एच-८ ला पोहोचतं आणि तिथे वजीर न होता घोडा होतं, कारण त्या गर्दीत उडी मारून शह द्यायला घोडाच पाहिजे. मग तो घोडा परत खाली येतो, वाटेत दोन प्यादी खातो आणि बी-३ चा हत्ती मारून मात देतो.

आता सगळ्यात सुंदर भाग. काळा वजीर ए-२ वर असेल तर तो बी-३ वरच्या घोड्याला मारू शकतो, ए-१ वर असेल तर नाही. म्हणजे शेवटचा घाव वजीर ए-१ वर असतानाच बसला पाहिजे. प्याद्याने पहिल्या उडीत दोन घरं घेतली तर पांढरा एक खेळी लवकर पोहोचतो... आणि नेमका वजीर ए-२ वर असताना पोहोचतो. घोड्याला एक खेळी वाया घालवणं जमत नाही, तो प्रत्येक उडीला घराचा रंग बदलतो, त्यामुळे त्याची सम-विषम ठरलेली. म्हणून ती एक खेळी प्याद्यानेच वाया घालवायची: एच-२ वरून एच-४ नाही, एच-३. दुसऱ्याच खेळीत, मात चौदा खेळ्या लांब असताना! घाई केली तर सगळं फिसकटतं. मी हे पहिल्यांदा पटावर चालवून पाहिलं तेव्हा एकटाच खोलीत मोठ्याने हसलो होतो.

तरीही ब्लाथीची कोडी म्हणजे एका हुशार माणसाची चैन. ज्यांच्यासाठी ही चैन राहिली नाही अशांची गोष्ट म्हणजे बॅबसनचं आव्हान.

जोसेफ बॅबसन हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन रचनाकार. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं आव्हान ऐकायला सोपं आहे. काळं प्यादं शेवटच्या घरात पोहोचून वजीर झालं, तर पांढऱ्यानेही आपल्या प्याद्याचा वजीरच करायचा. काळ्याने हत्ती केला, तर पांढऱ्याने हत्तीच. उंटाला उंट, घोड्याला घोडा. आणि प्रत्येक वेळी फक्त तेच उत्तर चाललं पाहिजे, दुसरं कुठलंही केलं तर ठरलेल्या खेळ्यांत मात होता कामा नये. आता विचार करा, वजीर हा हत्ती अधिक उंट असतो. मग वजीर करून जे जमत नाही ते हत्ती करून का जमावं? बहुधा वजिरामुळे काळ्याला हलायलाच जागा राहत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो, अशा वेळी हत्ती. उंटासाठी तसंच, पण आणखी बारीक कारण हवं. घोड्यासाठी तिसरंच. आणि ही सगळी कारणं एकाच स्थितीत, एकमेकांना धक्का न लावता. एका बग-फिक्सने दुसरे तीन बग उघडतात तसला प्रकार. स्वतःलाच मात करून घ्यायच्या उलट्या प्रकारच्या कोड्यांत हे १९२० च्या दशकात जमलं, पण सरळ मातीच्या कोड्यात नाही.

फ्रान्सच्या पिएर द्रुमारने १९६० च्या सुमारास हे मनावर घेतलं. बावीस वर्षं! त्याला एक उत्तर सापडलंही, पण ते कोणाला, बहुधा त्यालाही, समाधानकारक वाटलं नाही. १९८२ मध्ये त्याने हात टेकले आणि सांगितलं की हे समाधानकारकपणे कधीच होणार नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८३ मध्ये, एका सोव्हिएत बुद्धिबळ मासिकात चार खेळ्यांत मातीचं एक कोडं छापून आलं. रचणारा लिओनिद यारोश, कझान शहरातला फुटबॉलचा कोच, रचनाकार म्हणून जवळजवळ अनोळखी. पूर्ण बॅबसन. त्यात एक बारीक खोट होती, पहिली खेळी मारण्याची होती आणि कोड्याची किल्ली मारामारीने उघडणं जरा ओबडधोबड मानतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यारोशने तीही खोट काढून दुसरी आवृत्ती दिली.

मला यात यारोशइतकाच द्रुमार महत्त्वाचा वाटतो. "हे अशक्य आहे" असं बावीस वर्षांच्या कामाच्या जोरावर म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्याकडे पुरावा नव्हता, अनुभव होता. आपल्या कामात आपण रोज असंच बोलतो: "या आर्किटेक्चरमध्ये हे होणार नाही." आणि मग कोणीतरी नवीन मुलगा येऊन ते करून दाखवतो. यारोशला कोणी सांगितलं नव्हतं की हे होत नाही, असं मी म्हणणार नाही. बहुधा माहीत असणारच. त्याने तरीही बसून केलं.

आता यंत्रांकडे येऊ, कारण "हे सगळं आता कॉम्प्युटर करेल" हा आजचा आक्षेप आहे आणि तो फालतू नाही.

यंत्रांनी काय केलं ते पाहा. पटावर थोडीच मोहरी उरली की प्रत्येक शक्य स्थिती उलट दिशेने मोजून काढायची, असे तक्ते बनले. २००६ मध्ये सात मोहऱ्यांची एक स्थिती सापडली, जिथे दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर पहिलं महत्त्वाचं मोहरं पडायलाच ५१७ खेळ्या लागतात. (प्रत्यक्ष डावात ५० खेळ्यांच्या नियमाने तो कधीच बरोबरीत सुटला असता.) पुढे २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसॉव्ह सुपरकॉम्प्युटरवर सात मोहऱ्यांचे सगळे तक्ते झाले, आणि त्यांतून ५४९ खेळ्यांत मात असलेली स्थिती मिळाली. ब्लाथीचे राक्षस बघता बघता बुटके ठरले.

पण त्या ५४९ खेळ्या चालवून बघा. शेकडो खेळ्या नुसती मोहरी इकडून तिकडे फिरताना दिसतात. ही खेळी का, याचं उत्तर ग्रँडमास्टरही देऊ शकत नाहीत. उत्तर एवढंच, की तक्त्यात असं आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा शोध आहे, रचना नाही. कोणत्या डोंगराची उंची सगळ्यात जास्त ते मोजण्यासारखं. मोजणाऱ्यांना सलाम, खरंच सलाम, अफाट काम आहे. पण डोंगर कोणी बांधलेला नव्हता. एच-३ मागे मात्र एक माणूस होता, ज्याला ती गंमत दिसली आणि मग ती तुम्हालाही दिसावी म्हणून त्याने बाकीचा पट उभा केला.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "हा तुझा हळवेपणा आहे. उद्या यंत्र ब्लाथीसारखं कोडं बनवेल आणि तुला फरक कळणार नाही." शक्य आहे. कळला नाही तर मी हसेन, तसाच मोठ्याने. माझा आक्षेप यंत्राला नाहीच, ज्यात समजण्यासारखं काही नाही अशा आकड्याला आहे. आणि याच न्यायाने यंत्राचं एक काम मला ५४९ पेक्षा कितीतरी मोठं वाटतं, ते म्हणजे २१८ चा पुरावा.

पोहोचता येतील अशा स्थितींची संख्या एकावर चव्वेचाळीस शून्यांच्या घरात जाते, एकेक तपासणं विसरा. गेल्या काही वर्षांत, २०२० च्या दशकात, एका हौशी प्रोग्रॅमरने हा प्रश्न गणिती समीकरणांत बसवला. कल्पना अशी, की आधी नियम मुद्दाम सैल करायचे, एखाद्या घरात अर्धा वजीर ठेवायलाही परवानगी द्यायची. सैल नियमांतही जर ठरावीक फांदीवर २१८ च्या वर जाता येत नसेल, तर खऱ्या नियमांत तर नाहीच नाही. ती फांदी छाटा, पुढची घ्या. शेवटी सगळ्या फांद्या छाटल्या गेल्या आणि २१८ उरलं. यापेक्षा जास्त शक्य नाही, सिद्ध.

म्हणजे पेट्रोविचने १९६४ मध्ये, हाताने, पट आणि वही घेऊन, बरोबर छताला डोकं टेकवलं होतं, आणि छत तिथेच आहे हे कळायला आपल्याला साठेक वर्षं आणि एक सॉल्व्हर लागला. द्रुमारच्या "अशक्य" मध्ये आणि या "अशक्य" मध्ये हाच फरक. कोणी म्हणेल, आता त्या कोड्यातली मजा संपली. मला तर ती स्थिती हे कळल्यापासून जास्तच आवडायला लागली आहे.

लिचेसवर पट मांडायची सोय फुकट आहे. रविवारी चहा पिताना करून बघा. पांढरे वजीर डी-७, बी-६, जी-६, ई-५, सी-४, एच-४, ए-३, एफ-३, डी-२ वर. हत्ती ए-८ आणि एच-८, उंट बी-१ आणि जी-१, घोडे सी-१ आणि डी-१, राजा एफ-१. काळा राजा ए-१, प्यादी ए-२ आणि बी-२. खेळी पांढऱ्याची ठेवा. मग कुठलाही एक वजीर एक घर सरकवा आणि खेळ्या पुन्हा मोजा. २१९ होणार नाहीत हे आता माहीत आहे, तरी मी दोन तास घालवले आहेत :)